दहावीच्या पुस्तकातले बारा भुंगेरे

हिरव्या पानांच्या झुडपांत बारा लाल भुंगेरे राहतात. कावळे त्यांना टिपून खातात. पुढे कधीतरी त्यांच्या पिल्लांत एक हिरवा भुंगेरा निपजतो. हिरव्या पानावरचा हिरवा भुंगेरा कावळ्याला दिसत नाही. तो वाचतो, त्याची पिल्ले वाचतात आणि काही पिढ्यांत झुडपे हिरव्या भुंगेऱ्यांनी भरून जातात. दुसऱ्या गोष्टीत हिरव्याऐवजी निळा निपजतो. त्याला लपायची सोय नाही. कावळ्याला लालही दिसतो, निळाही दिसतो. पण एक दिवस हत्ती येतो, झुडपे तुडवतो, आणि त्या तुडवातुडवीतून जे मूठभर वाचतात ते योगायोगाने बहुतेक निळे असतात. तिसऱ्या गोष्टीत झाडांवर रोग पडतो, पाने कमी होतात, भुंगेरे रोडावतात. रोग हटल्यावर त्यांची पिल्ले पुन्हा पूर्वीसारखीच अंग धरतात.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणात या तीन गोष्टी होत्या. मोजक्या पानांचा ऐवज. पण पहिलीत नैसर्गिक निवड आली, दुसरीत निव्वळ योगायोगानेही एखाद्या जातीचा रंग पालटतो हे आले, आणि तिसरीत जन्मल्यानंतर कमावलेले किंवा गमावलेले वारशात उतरत नाही हे आले. एवढ्या थोड्या जागेत एवढे काम करणारा मजकूर शालेय पुस्तकांत मला तरी फारसा आढळलेला नाही. २०२३ मध्ये नवी पुस्तके आली तेव्हा प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले होते. कावळे गेले, हत्ती गेला, डार्विनची चौकट गेली, जीवाश्म गेले, मानवाच्या उत्क्रांतीचा भाग गेला. मेंडेलचे वाटाणे तेवढे जागेवर राहिले.

ती पुस्तके घेतलेल्या वस्त्यांपैकी एक म्हणजे बंगळुरूच्या पूर्वेचा महादेवपुरा. आउटर रिंग रोड आणि व्हाइटफील्डचा रस्ता यांच्या आधाराने वाढलेला, आयटी पार्क, मॉल आणि उंच सोसायट्यांचा हा भाग. २५ मार्च २०२३ ला के. आर. पुरा ते व्हाइटफील्ड मेट्रोचे उद्घाटन झाले आणि पाठोपाठ शाळांचे नवे वर्ष सुरू झाले. इथे पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर अशा सगळीकडून आलेली मराठी कुटुंबे आहेत. गणपतीत सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आरतीला जमावीत इतकी. मुलांच्या शाळेचा निर्णय या घरांत फार चर्चेविना होतो. आज बंगळुरू, दोन वर्षांनी हैदराबाद, नशीब असेल तर हिंजवडी, म्हणून सीबीएसई. आणि सीबीएसई म्हणजे एनसीईआरटीची पुस्तके.

आता असे धरा, की महादेवपुऱ्यातली दहावीची एक मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याला मावशीकडे गेली आहे आणि तिथला मावसभाऊही दहावीतच आहे, मराठी माध्यमाच्या शाळेत. त्याच्या हातात बालभारतीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’. उघडताच पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यात माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर शेजारी शेजारी काढून आतल्या हाडांची रचना सारखी कशी हे दाखवलेले. अवशेषांगे आहेत, जोडणारे दुवे आहेत, डार्विन आहे, लॅमार्क आहे आणि मानवी उत्क्रांतीही आहे. महागड्या इंग्रजी शाळेतल्या मुलीपेक्षा जिल्ह्याच्या गावातल्या शाळेत शिकणाऱ्या तिच्या भावाचे पुस्तक या एका बाबतीत अधिक पूर्ण. आपल्याकडे शाळांची प्रतवारी फीवरून करण्याची सवय असल्याने ही गोष्ट कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही.

हे घडले कसे? करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, अभ्यासक्रम तात्पुरता छाटला गेला. २०२२ मध्ये एनसीईआरटीने त्या छाटणीला पक्के रूप देणारी यादी प्रसिद्ध केली आणि त्याप्रमाणे छापलेली पुस्तके २०२३ मध्ये आली. निकष असे सांगितले गेले: जे दुसऱ्या इयत्तेत पुन्हा येते ते वगळायचे, जे अवघड आहे ते वगळायचे, जे मुले शिक्षकांविना शिकू शकतात ते वगळायचे, आणि आजच्या काळाला जे गैरलागू आहे तेही वगळायचे. दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीबरोबर मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे आख्खे प्रकरण गेले, ऊर्जास्रोतांचे गेले. इतिहासाच्या पुस्तकातून वगळलेल्या मुघलांवरून वर्तमानपत्रांत अधिक रान उठले. पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव हे राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. त्यांनी जूनमध्ये एनसीईआरटीला पत्र लिहून पुस्तकांवरची आपली नावे काढून टाकायला सांगितले. विज्ञानाच्या बाजूने ‘ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी’ने २० एप्रिलला एक खुले पत्र काढले. त्यावर १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींच्या सह्या होत्या. आयआयटी, आयसर, टीआयएफआर इथली माणसे त्यांत होती. उत्क्रांतीचा भाग परत घ्या, एवढीच मागणी.

सरकारचे उत्तर वरवर पाहता बिनतोड होते. तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सुभाष सरकार यांनी डार्विन काढून टाकल्याच्या बातम्या हा दिशाभूल करणारा प्रचार ठरवला. मुलांवरचा ताण कमी केला आहे, डार्विन बारावीत आहेच, ज्याला वाचायचे त्याने वाचावे. हे खरेही आहे. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे प्रकरण आजही आहे, आणि चांगले सविस्तर आहे.

पण बारावीचे जीवशास्त्र वाचते कोण, हा प्रश्न महादेवपुऱ्यात विचारून पाहावा. कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयू म्हणतात, आणि दहावीचा निकाल लागायच्या आत घराघरांत एकच खल सुरू होतो: पीसीएमबी की पीसीएमसी? पहिल्यात भौतिक, रसायन, गणित यांच्या जोडीला जीवशास्त्र. दुसऱ्यात जीवशास्त्राच्या जागी संगणकशास्त्र. सीबीएसईच्या शाळांत नावे वेगळी, निवड तीच. ज्या वस्तीत पुष्कळ आई-बाबा स्वतः संगणकावर पोट भरतात, तिथे “बायो घेऊन काय करणार? नीट द्यायचीय का?” हा प्रश्न, प्रश्न म्हणून विचारलाच जात नाही. नीट द्यायची नसेल तर बायो सुटले. वाणिज्य आणि कला शाखांकडे जाणारे तर आधीच सुटलेले. सीबीएसईच्या दहावीला दरवर्षी २० लाखांहून अधिक मुले बसतात आणि दहावी ही सगळ्यांना एकच विज्ञान वाचावे लागण्याची शेवटची इयत्ता. दहावीतून काढलेला धडा बारावीत ठेवल्याने तो भावी डॉक्टरांना मिळतो. भावी अभियंता, वकील, पत्रकार, आमदार यांना शाळा तो कधीच दाखवत नाही. मला या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच वाटतो, आणि तो धर्माचा नसून वेळापत्रकाचा आहे.

मग यात राजकारण नव्हतेच का? उत्क्रांतीच्या द्वेषापायी ही कात्री चालली, असे सिद्ध करणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. आवर्त सारणीवर कोणाचा धार्मिक राग असण्याचे कारण नाही, तरी तीही गेली. पण संशय आकाशातून पडलेला नव्हता. त्याचा एक धागा महाराष्ट्रात येतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलन भरले होते. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे बोलले. हे महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. त्यांचे म्हणणे असे, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे ना लिहून ठेवले आहे ना सांगितले आहे, तेव्हा शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल करायला हवा. शिक्षण खात्याच्याच मंत्र्याने अभ्यासक्रमाविषयी बोलणे ही काही भाषणातली फेक नव्हे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी दोन-तीन दिवसांत एकत्र निवेदन काढून सांगितले, की उत्क्रांतीविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही, ती अभ्यासक्रमातून काढणे किंवा तिच्या जोडीला दुसऱ्या कथा बसवणे हे मागे जाणे होईल. या तिघींपैकी एक, सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापलेली इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, बंगळुरूचीच. पाठोपाठ खात्याचे कॅबिनेट मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी आपल्या राज्यमंत्र्यांना अशी विधाने टाळायला सांगितली आणि डार्विनला खोटे पाडण्यासाठी सरकार कुठलेही चर्चासत्र भरवणार नाही असे जाहीर केले. विषय तिथे मिटल्यासारखा झाला. सिंह यांचे मत मात्र बदलले नाही. जुलै २०१९ मध्ये लोकसभेत त्यांनी आपण ऋषींची संताने असल्याचे पुन्हा सांगितले.

गंमत अशी, की ज्या मंत्र्याला माकडाचा माणूस होताना पाहायचा होता, त्याला उत्तर दहावीच्या त्याच प्रकरणात लिहिलेले होते. माणूस चिंपांझीपासून झालेला नाही, दोघांचा पूर्वज एक होता आणि पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, असे ते प्रकरण स्पष्ट सांगत होते. उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे, नवा जीव जुन्यापेक्षा ‘वरचा’ नसतो, हेही सांगत होते. कातडीच्या रंगावरून माणसांच्या ‘वंशां’ची जी उतरंड रचली जाते तिला जीवशास्त्रात आधार नाही, सगळ्यांची मुळे आफ्रिकेत आहेत, असेही त्यात होते. शेवटचे वाक्य तर कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, बंगाली, मराठी अशा सहा भाषा एका लिफ्टमध्ये चढणाऱ्या महादेवपुऱ्यात जरूर वाचावे असे.

आणि ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे म्हणाल, तर पाहिलेले पुष्कळ आहे. बंगळुरूच्या उत्तरेला जक्कूरला जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्या पिढ्यानपिढ्या पोसल्या जातात. काही माश्यांतून दर पिढीला लवकर वाढणाऱ्याच पुढच्या पिढीसाठी निवडल्या गेल्या. शेकडो पिढ्यांनंतर अंड्यापासून माशी व्हायला लागणारा काळ घटला, आणि माश्या आकारानेही लहान झाल्या. माशीची पिढी आठवड्यांत मोजता येते, माणसाची येत नाही. एवढाच फरक.

जे डोळ्यांदेखत घडले नाही तेही कळते, आणि त्याचे एक मासलेवाईक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याकडच्या पिसदुरा गावाच्या शिवारात डायनोसॉरची हाडे सापडतात, तशीच त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. या विष्ठेचे तुकडे भारतीय संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली घातले तेव्हा त्यात सिलिकेचे बारीक कण दिसले. गवताच्या पेशींत असे कण तयार होतात आणि त्यांच्या आकारावरून गवताचा प्रकारही ओळखता येतो. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, अशी तोवर समजूत होती. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम छापून आले आणि गवताच्या उगमाचा काळ मागे सरकवावा लागला. डायनोसॉरला गवत खाताना कोणी पाहिले नव्हते. त्याचे शेण बोलले. पोलीस तपासही बहुधा याच रीतीने चालतो. साक्षीदार नसला म्हणून गुन्हा घडलाच नाही असे कुठलाही आयुक्त म्हणत नाही.

छाटणीच्या मुहूर्ताविषयीही बोलायला हवे. कारण करोना सांगितले गेले. पण २०२० ते २०२२ या काळात उत्क्रांती जितकी रोजच्या बातम्यांत होती तितकी आधी कधीच नव्हती. विषाणूची नक्कल होताना चुका होतात, बहुतेक चुका वाया जातात, एखादी त्याला वेगाने पसरायला मदत करते आणि मग तोच प्रकार सगळीकडे बोकाळतो. डेल्टा असाच भारतात प्रथम ओळखला गेला. ओमिक्रॉनचे देशातले पहिले दोन रुग्ण सापडल्याचे २ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर झाले, ते बंगळुरूतले. लस घेऊनही करोना पुन्हा का होतो, असे आजी विचारायची तेव्हा तिला समजावून सांगायला नेमके ते भुंगेरेच लागत होते. डॉक्टरने पाच दिवस सांगितलेली अँटिबायोटिक दोन दिवसांत बंद करणाऱ्या, किंवा साध्या सर्दीला दुकानातून मागून घेणाऱ्या माणसाला सांगायची गोष्टही तीच. अशा वेळी ‘आजच्या काळाला गैरलागू’ या निकषाची यादी करणाऱ्यांनी उत्क्रांतीला हात लावावा, याला द्वेष म्हणण्यापेक्षा मी बेफिकिरी म्हणेन. ती कमी धोक्याची असते असे नाही.

आपल्याकडे एक बाजू नेहमी मांडली जाते: हिंदू घरांत डार्विनशी भांडण कधी नव्हतेच, उलट मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन ही उत्क्रांतीच तर आहे. भारतात येऊन स्थायिक झालेले थोर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही हे साम्य कौतुकाने नोंदवले होते. कौतुक म्हणून त्यात वावगे काही नाही, आणि त्यामुळे अनेक घरांत डार्विन विनातक्रार आत आला हेही खरे. पण साम्याचे हळूहळू हक्कात रूपांतर होते. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगून गेले. दशावतारात एकामागून एक येणारी रांग आहे आणि तिच्या शेवटाकडे माणूस आहे. उत्क्रांतीत फाटे फुटतात. मासा आजही मासा म्हणून सुखात आहे, तो कूर्म व्हायच्या तयारीत नाही. रांगेचे हे चित्र मनात पक्के असेल तर ‘माकडाचा माणूस झाला मग आज माकडे का आहेत?’ हा प्रश्न हटकून पडतो. तो प्रश्न सुटायची जागा दहावीतच होती.

अमेरिकेशी तुलना होते, ती अर्धीच बरोबर आहे. टेनेसी राज्याने १९२५ मध्ये सरकारी शाळांत मानवाची उत्क्रांती शिकवण्यास बंदी घालणारा कायदाच केला. डेटन गावच्या जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, १०० डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला. बंदी १९६७ पर्यंत कायद्यात होती. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या, १९८७ मध्ये बायबलची निर्मितिकथा विज्ञान म्हणून जोडीला शिकवण्याची सक्ती रद्द केली. डोव्हर इथला असाच आणखी एक खटला तर २००५ चा. इकडे कायदा नाही, खटला नाही, दंड नाही. पण डेटनच्या नंतर तिथे जे घडले ते आपल्या ओळखीचे आहे. खटल्याच्या गाजावाजानंतर प्रकाशकांनीच पुढच्या आवृत्त्यांत उत्क्रांती बारीक केली. नको ती कटकट, असा व्यापारी विचार. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, आपण विज्ञानात मागे पडलो अशी ओरड झाली, तेव्हा कुठे ती पुस्तकांत परतली. आणखी एक तपशील इथे नोंदवण्याजोगा: स्कोप्सच्या वर्गातले ते पुस्तक उत्क्रांती शिकवायचे, पण त्याच पानांत माणसांच्या वंशांची प्रतवारी लावून गोऱ्यांना शिखरावर बसवायचे. तुलनेने आपले छाटले गेलेले प्रकरण कितीतरी सुधारलेले होते.

ते सुधारलेले होते याचे श्रेय द्यायचे तर मराठी वाचकाला एक नाव जवळचे आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने विज्ञान आणि गणिताची नवी पुस्तके केली. त्या सल्लागार गटाचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. गोष्टीतून विज्ञान सांगणे हा ज्यांचा आयुष्यभराचा उद्योग, त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या पुस्तकात भुंगेरे, कावळे आणि हत्ती आले यात नवल नाही. त्याच प्रकरणात रानकोबीचे चित्र होते: माणसाने एकाच रानटी झाडातून पाने निवडत कोबी केला, फुले निवडत फुलकोबी आणि ब्रोकोली केली, खोड फुगवत नवलकोल केला. महादेवपुऱ्याच्या भाजीवाल्याकडे या चौघांची टोपली शेजारी शेजारी मांडलेली असते. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले.

औरंगाबादेतल्या त्या भाषणानंतर काही महिन्यांतच, २०१८ च्या शैक्षणिक वर्षात, बालभारतीचे दहावीचे नवे विज्ञान आले आणि त्याचा पहिला धडा उत्क्रांतीचा निघाला. पुस्तक करणाऱ्यांचे काम आधीपासून चालू असणार, त्यामुळे हे काही मंत्र्यांना दिलेले उत्तर नव्हे. तरी राज्याचे स्वतःचे पाठ्यपुस्तक मंडळ असण्याचा उपयोग २०२३ मध्ये दिसला: दिल्लीत धडा गेला, पुण्यात राहिला.

तो राहील का, हे आता पुन्हा पाहावे लागणार आहे. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्य मंडळाच्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणण्याचे जाहीर केले. सुरुवात पहिलीपासून, मग टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्ता. पुस्तके बालभारतीच काढणार. त्या क्रमाने दहावीची पाळी येईल तेव्हा साताऱ्याच्या मुलाच्या भाग दोनमध्ये पहिला धडा कोणता असेल, हे ठरवणारी समिती पुण्यात बसेल. तिच्या टेबलावर दोन अनुक्रमणिका असतील.